वाढत्या मुलाचा पलंग

मुलाचा सदरा दरवर्षीं तोकडा होतो. तो बदलतां येतो. पलंग मात्र वरचेवर नवा करणें कोणास परवडेल? म्हणून पहिलीं दोन-अडीच वर्षें गजांची खाट आणि पुढें सहासात वर्षांपर्यंत साधा पलंग, अशीं दोन्ही कामें देणारी एकच वस्तु घरीं कशी करावी, हें आज सांगावयाचें आहे.

या कामाचें मर्म एका प्रश्नांत आहे: कोणता सांधा कायमचा आणि कोणता सुटणारा? हें आधीं कागदावर ठरवावें; मगच करवत हातीं घ्यावी.

लाकूड चांगलें सुकलेलें सागवानी असावें. आंतील माप १४० सेंटिमीटर लांब व ७० सेंटिमीटर रुंद धरावें. पलंगाचे भाग पांच: उशाकडील चौकट, पायथ्याकडील चौकट, गजांचे दोन कठडे आणि फळ्यांचा तळ. चौकटींतील व कठड्यांतील सांधे कायमचे. आडव्या लाकडांत पटाशीनें खाच पाडावी, गजाच्या टोकास तीत घट्ट बसेल असें कुसूं काढावें, आणि सरस लावून, गुण्यानें काटकोन पाहून, तें आवळून ठेवावें.

सुटणारे सांधे चार कोपऱ्यांवर येतात. तेथें स्क्रू वापरूं नये. तो दोनचार वेळां काढला-घातला कीं लाकडांतील आटे झिजतात व पकड जाते. बोल्ट आणि लाकडांत बसविलेला लोखंडी नट यांचा सांधा कितीही वेळां सोडविला तरी बिघडत नाहीं.

आतां गजांविषयीं. दोन गजांमध्यें साडेचार ते सहा सेंटिमीटरच अंतर असावें. अधिक ठेवल्यास अर्भकाचें धड पलीकडे निसटतें आणि डोकें अडकतें. कठडा निखळून फट पडली तरी तीच आपत्ति ओढवते. अमेरिकेंत खालींवर सरकणाऱ्या कठड्यांच्या खाटांमुळें कित्येक बालकें दगावलीं. तेव्हां तेथील सरकारनें जून २०११ पासून अशा खाटा करण्यास व विकण्यास मनाई केली. तात्पर्य, कठडा घट्ट बसलेला असावा, नाहीं तर साफ काढलेला. अर्धवट हलणारा कधींही नसावा.

तळासाठीं दोन उंचींवर भोकें पाडावीं. मूल उठून बसूं लागण्यापूर्वींच तळ खालच्या भोकांवर न्यावा. तेथून कठडा निदान ६६ सेंटिमीटर उंच राहिला पाहिजे. गादी घट्ट भरलेली असावी आणि तिच्या कडेला दोन बोटेंही शिरूं नयेत. खांब कठड्याहून वर काढूं नयेत. त्यांत कपडे अडकतात. मुलें दांत येतांना कठडा चावतात. यास्तव कडा काचकागदानें गोल कराव्या व शिसें असलेला रंग मुळींच लावूं नये.

मूल ९० सेंटिमीटर उंच झालें, किंवा त्याआधींच कठड्यावर चढूं लागलें, कीं पुढचा कठडा सोडवावा. परंतु तोच कठडा दोन्ही चौकटींना जोडून धरीत असतो. तेव्हां त्याच्या जागीं, त्याच भोकांत बसणारी एक आडवी पाटी प्रारंभींच करून ठेवावी. ती बसविली कीं खाटेचा पलंग झाला.

पावसाळ्यांत लाकूड आडव्या अंगानें फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें, तसे बोल्ट सैल पडतात. दर महिन्यास हातांत पाना घेऊन ते पाहावे. पलंग करण्यास काहीं आठवडे लागतात. तो सांभाळण्याचें काम मात्र मूल त्यांत निजतें तोंवर चालूच राहतें.