रेबेका बून : रानांतील एक संसार

अमेरिकेच्या इतिहासांत डॅनियल बून (१७३४–१८२०) याच्या धाडसाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण ज्या गृहिणीच्या आधारावर तें धाडस उभें होतें, तिची हकीकत क्वचितच ऐकूं येते. तीच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१७५६ सालीं उत्तर कॅरोलिनांत रेबेका ब्रायन हिचा डॅनियलशीं विवाह झाला. पुढें दहा अपत्यें झालीं. नवरा शिकारीसाठीं महिनोन्महिने रानांत. शेत, गुरें व लेकरें सांभाळणें हिच्याकडे. १७७३ सालीं केंटकीकडे जातांना वाटेंतच थोरला पुत्र जेम्स मारला गेला. १७७५ सालीं तेथें बूनच्या नांवाची वसाहत उभी राहिली. दुसऱ्याच वर्षीं कन्या जेमायमा हिला तेथील मूळ रहिवाशांनीं पळविलें. तिसऱ्या दिवशीं बापानें सोडवून आणिलें. १७७८ सालीं डॅनियल स्वतःच शॉनी लोकांच्या कैदेंत पडला. तो मेला असें समजून रेबेका माहेरच्या मुलुखास परतली. तो सुटून आला, परंतु १७८२ च्या लढाईंत इझ्रेल हा पुत्रही पडला.

इतक्या मोलानें मिळविलेली जमीन तरी राहिली काय? दस्तऐवजांतील दोषांमुळें कज्जांत व कर्जांत ती गेली. १७९९ सालीं उतारवयांत उभयतांनीं मिसूरीची वाट धरिली. तेथेंच १८१३ सालीं रेबेका वारली.

ती भूमि मुळांत शॉनी, चेरोकी आदि लोकांची मृगयाभूमि होती. त्यांच्याही घरीं असेंच रडें उठलें. बूनचें चरित्र मुलांना सांगतांना आमच्या भगिनींनीं या दोन्ही बाजू अवश्य सांगाव्यात.