हाताचे काम आणि उदार विद्या

महाविद्यालयात गेलेल्या मुलाच्या हाती पुन्हा कुदळ किंवा झाडू द्यावा काय, हा प्रश्न आपल्या समाजात सहज विचारता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांवर पिढ्यानपिढ्या श्रम लादले गेले, त्यांना शिक्षण म्हणजे त्या श्रमातून सुटका वाटावी, हे स्वाभाविकच आहे. म्हणूनच साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान व विज्ञान या उदार विद्यांशी प्रत्यक्ष कामाची सांगड घालणाऱ्या एका महाविद्यालयाची ओळख येथे करून देत आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलामगिरीचे कट्टर विरोधक जॉन फी यांनी १८५५ साली बेरिया येथे एका खोलीची शाळा सुरू केली. १८५९ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना हुसकावून लावले. यादवी युद्धानंतर ते परतले आणि कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुले-मुली तेथे एकत्र शिकू लागली. १९०४ साली राज्याने हे सहशिक्षण बेकायदा ठरविले. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. १९५० साली कायदा शिथिल होताच बेरियाने कृष्णवर्णीयांसाठी पुन्हा दारे उघडली. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया घालणारे कार्टर वुडसन हे १९०३ सालचे येथील पदवीधर. तत्पूर्वी ते कोळशाच्या खाणीत राबले होते.

बेरिया १८९२ पासून शिक्षणशुल्क घेत नाही. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाबरोबर आठवड्याला किमान १० तास काम करावे लागते. कोणी शेतीवर, कोणी विणकामात, कोणी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत वा कार्यालयात असतो. कामाचा मोबदला मिळतो आणि त्याचे मूल्यमापनही होते. काम सर्वांनाच असल्याने ते कोणाच्याही हीनतेची खूण ठरत नाही.

येथेच खरा भेद आहे. जातीने केवळ कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच उच्चनीच पायऱ्यांवर विभागली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात दाखवून दिले. दोष श्रमात नव्हता. तो जन्मावरून श्रम लादण्यात आणि ज्ञानाचे दार बंद ठेवण्यात होता. ग्रंथ हिरावून दिलेले काम ही गुलामी. ग्रंथाबरोबर सर्वांनी वाटून घेतलेले काम हे शिक्षण होय. विणकाम करणारा विद्यार्थी वस्त्रोद्योगाचा इतिहास वाचतो, तेव्हा धाग्यामागचे अर्थकारण व अन्याय त्याला अधिक स्पष्ट दिसतात.

महाराष्ट्रालाही ही वाट अपरिचित नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. १९४७ साली तेथेच सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र उच्च शिक्षणात आले.

आज पाल्यासाठी महाविद्यालय निवडताना पालकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. काम सर्वांना आहे, की केवळ गरीब विद्यार्थ्यांना? त्याचा रास्त मोबदला मिळतो काय? कामातून काय शिकलो, यावर अध्यापकांसह विचार होतो काय? आणि वाचनासाठी पुरेसा वेळ उरतो काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर आपल्या मुलाच्या हाती आलेल्या अवजाराची खंत बाळगू नये. त्याच्या दुसऱ्या हाती ग्रंथ आहे ना, एवढे मात्र जागरूकपणे पाहावे.