सिझेरियनच्या वेळी ‘गरगरतंय’ हे लगेच सांगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. न्हावा शेव्याकडची एक पहिलटकरीण रात्री सिझेरियनसाठी आली. नवरा बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, सोबत सासूबाई. मी भूलतज्ज्ञ. पाठीत भुलीचे इंजेक्शन देऊन तिला झोपवले. दोन-तीन मिनिटांतच तिचा चेहरा पांढराफटक पडला. वरचा रक्तदाब १२० वरून ८० वर आला होता. विचारले तेव्हा म्हणाली, “मघापासून मळमळतंय, पण तुम्हाला कसं सांगू?” लगेच उपाय केले, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण असा संकोच महागात पडू शकतो.

रक्तदाब का उतरतो?

या इंजेक्शनाने कमरेखालचा भाग बधिर होतो, तशा रक्तवाहिन्याही सैल पडतात. रक्त पायांकडे साठते. त्यात उताणे झोपल्यावर भरलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या नीलेवर पडतो आणि हृदयाकडे रक्त कमी परतते. प्रतिबंधक औषध दिले नाही, तर निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तदाब उतरतो. तो फार वेळ उतरलेला राहिला, तर वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो.

डॉक्टर काय करतात?

उजव्या कमरेखाली उशी ठेवून पोट डावीकडे कलते करतात. इंजेक्शन देतानाच सलाईन वेगाने सोडतात. मात्र नुसते सलाईन पुरत नाही. रक्तवाहिन्या आवळणारे फिनाइलेफ्रिनसारखे औषध रक्तदाब उतरण्याआधीच सुरू करावे, असे २०१८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचवले. वरचा रक्तदाब मूळच्या ९० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे १२० असेल तर १०८ च्या वर राहावा, हे उद्दिष्ट. त्यासाठी सुरुवातीला दर मिनिटाला तो मोजतात. आपल्याकडे मेफेन्टरमिनही बरेच वापरतात.

तुम्ही काय करावे?

हृदयविकार, रक्तदाबाच्या गोळ्या, अंगावरून जाणारे रक्त, यांतले काहीही लपवू नका. शेवटचे कधी खाल्ले, तेही खरे सांगा. शेवटच्या महिन्यांत उताणे न झोपता कुशीवर झोपा. आणि टेबलावर मळमळ, गरगर, घाम किंवा श्वास जड वाटला, तर त्याच क्षणी बोला. यंत्राचा पुढचा आकडा येण्याआधी तुमचा शब्द आम्हाला सावध करतो.

त्या सासूबाई नंतर म्हणाल्या, “आम्ही तिला गप पडून राहा म्हणून सांगितलं होतं.” सासूबाईंनो, यापुढे सुनेला उलटे सांगून पाठवा.