रक्तपेशी, किरणोत्सर्ग आणि रक्ताचा कर्करोग : दोन प्रश्नांची उत्तरे

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील सातवीचा एक विद्यार्थी वारंवार तापाने आजारी पडू लागला. खेळताना त्याला धाप लागे, हिरड्यांतून रक्त येई, मार लागलेला नसतानाही दंडावर काळेनिळे डाग उमटत. वडूजला रक्त तपासले, तेथून साताऱ्यास आणि पुढे मुंबईस न्यावे लागले. निदान झाले ते रक्ताच्या कर्करोगाचे. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "गुरुजी, मागल्या साली हात मोडला तवा फोटू काढला हुता. त्यानं तर न्हाई न्हवं झालं?" तीन-चार महिन्यांनी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "पोरगं आता बरं दिसतंय. औषध थांबवलं तर चालंल का?"

मी इतिहासाचा शिक्षक. पहिल्या प्रश्नावर मी निरुत्तर झालो आणि दुसऱ्याचे उत्तर चुकीचे दिले. या लेखाचे प्रयोजन एवढेच की, ती चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होते. तेथील मोजक्या मूळपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका जन्म घेतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, बिंबिका आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी एखादाच दिवस. म्हणून मज्जेला अहोरात्र नव्या पेशी घडवाव्या लागतात. तांबड्या पेशीच दर सेकंदाला सुमारे 20 लाख. जी पेशी सतत विभागते तिच्यातील गुणसूत्रांना इजा पोहोचण्याचा धोका अधिक. किरणोत्सर्गाचा घाव रक्तावर लवकर दिसतो, त्याचे कारण हेच.

किरण पेशीतून जाताना डीएनएच्या दोन्ही धाग्यांना तोडू शकतात. पेशी ही तुटफूट बहुधा दुरुस्त करते. दुरुस्ती अशक्य झाली तर ती मरते. मात्र क्वचित तुटलेली टोके चुकीच्या जागी जोडली जातात आणि पेशी जिवंत राहते. अशा चुकांची भर पडत जाऊन एखादी पेशी वाढीवरचा ताबा गमावते. मग मज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की धाप लागते, बिंबिका घटल्या की डाग उमटतात, कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही. आमच्या विद्यार्थ्याची तिन्ही लक्षणे अशी एकाच कारणाची होती.

किरण आणि रक्ताचा कर्करोग यांचे नाते मानवजातीला फार मोठी किंमत देऊन कळले. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्यूरी 1934 साली मज्जा निकामी होऊन वारल्या. ऑगस्ट 1945 मध्ये हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब पडले. वाचलेल्यांत दोन-तीन वर्षांतच रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वाढू लागले आणि सहा ते आठ वर्षांनी ही वाढ शिगेला पोहोचली. लहान वयात मारा झालेल्यांना धोका अधिक होता. बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी ही मुलगी 1955 साली बाराव्या वर्षी याच रोगाने गेली.

आपल्या देशातील उदाहरण 2010 चे आहे. दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-60 असलेले जुने उपकरण मोडले गेले. ते काय आहे हे तेथील कामगारांना ठाऊक नव्हते. अनेकांना बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. अज्ञानाची किंमत बहुधा हातावर पोट असणाऱ्यालाच मोजावी लागते, हा इतिहासाचा दाखला येथेही खरा ठरला.

मग हाताच्या एक्स-रेचे काय? येथे मात्रा महत्त्वाची. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, आकाश, अन्न आणि हवा यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याहून कमी, तर हाताच्या एक्स-रेत त्याहूनही अत्यल्प मात्रा असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती आठ-दहा मिलिसिव्हर्ट असते. म्हणून सीटी स्कॅन गरजेपुरताच करावा, पण डॉक्टरांनी सांगितला तर भिऊन टाळू नये. मज्जा उघडपणे खचण्यास एकाच वेळी हजारभर मिलिसिव्हर्टच्या आसपास मारा व्हावा लागतो. रक्ताचा कर्करोग झालेल्या बहुतेक मुलांत नेमके बाह्य कारण सापडत नाही. त्या वडिलांना मी आज निःशंकपणे सांगेन : हात मोडल्यावर तुम्ही केले ते योग्यच केले. हा रोग कोणाच्या पापाचे फळ नाही, करणी नाही आणि तो संसर्गजन्यही नाही.

महाराष्ट्राने या संशोधनात मोलाची भर घातली आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी 1949 मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास केला. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. याच परंपरेत आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना कर्करोग ओळखण्यास शिकविणारा 'नेक्सकार-19' हा उपचार सिद्ध झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यास मान्यता मिळाली.

आता दुसरा प्रश्न. मुलांमधील तीव्र रक्तकर्करोगाचे निदान होते तेव्हा शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्यांतील 99 टक्के मेल्या, तरी उरतात एक हजार कोटी! सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसते, मूल हसू-खेळू लागते, पण शत्रू घरातच दबा धरून असतो. म्हणूनच उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. पूर्ण उपचार मिळाल्यास प्रगत देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. अर्धवट सोडल्यास रोग उलटतो आणि तेव्हा औषधेही नीट लागू पडत नाहीत.

हे मला ठाऊक नव्हते. त्या वडिलांची मजुरी बुडत होती, मुंबईच्या खेपा परवडत नव्हत्या. मुलाच्या गालावर रंग आला होता. मी म्हणालो, "वार्षिक परीक्षा होऊ द्या, मग बघू." परीक्षा झाली, मुलगा उत्तीर्णही झाला. पावसाळ्यात रोग उलटला आणि दिवाळीपूर्वी तो गेला. त्याचे गुणपत्रक आजही माझ्या कपाटात आहे.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, विनाकारण डाग, हिरड्यांतून रक्त, हाडांचे दुखणे किंवा मानेतील गाठी दिसल्या तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. प्रथम रक्तपेशींची तपासणी करून घ्या. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागास आणि आरोग्यमित्रास भेटा. मुंबईत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी गावाकडून आलेल्या अशा कुटुंबाला चार दिवसांचा निवारा दिला, तरी एक उपचार पूर्ण होऊ शकेल. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, मूल बरे दिसते म्हणून ते बरे झाले असे समजू नका. औषध कधी थांबवायचे हे डॉक्टरांना ठरवू द्या. परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते.