तुरीचा वांझ रोग आणि कोळ्यांचा अभ्यासक

तुरीचे पीक फुलोऱ्यात आले असता शेतात मधूनच काही झाडे निराळी दिसतात. ती हिरवी व झुडपासारखी दाट असतात. पाने मात्र लहान व फिकट, आणि अंगावर ना फूल ना शेंग. हाच वांझ रोग होय. झाड मरत नाही, म्हणून शेतकरी ते उपटीत नाही. दोष मात्र बियाण्याला किंवा खताला देतो.

या रोगाची नोंद बिहारमधील पुसा येथे १९३१ साली झाली. तो कसा पसरतो, हे कळण्यास मात्र तीस वर्षे लागली. एक सूक्ष्म कोळी तो झाडाझाडांवर नेतो, असे १९६२ साली एम. एल. सेठ यांनी दाखवून दिले. या कोळ्याचे वर्णन करून त्याला 'ॲसेरिया कजानी' हे नाव १९६६ साली बंगळूरचे प्रा. जी. पी. चन्नबसवण्णा यांनी दिले.

बहुतेक कोळ्यांना आठ पाय असतात, याला चारच. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी! असे जीव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून त्यांची जात ठरविणे, हे चन्नबसवण्णांचे कार्य. भारतातील या कुळावरील त्यांचा ग्रंथ १९६६ सालीच निघाला. पुढे १९८६ साली कोळीशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळूरला भरली. तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत ते होते.

केवळ नाव ठरविल्याने शेतकऱ्याचा काय लाभ? शत्रू ओळखला, की त्याचे घर सापडते. हा कोळी मुख्यतः तुरीवरच जगतो, पानामागे राहतो आणि वाऱ्याबरोबर पसरतो. रोगाचे विषाणू तोच वाहून नेतो. बियाण्यातून रोग येत नाही. हंगामानंतर बांधावर राहिलेली तूर व खोडवा, हेच त्याचे आश्रयस्थान.

छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बी. एस. एम. आर. ७३६ व ८५३ हे वाण दिले. वांझ रोगाला प्रतिकार करणारा बदनापूरचा वाण, असाच या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. अशा वाणांची पारख करताना कोळी असलेली रोगट पाने निरोगी रोपांच्या पानांना टाचतात; टिकेल तेच रोप निवडतात.

शेतकरी बंधूंनी बांधावरील जुनी तूर पेरणीपूर्वीच काढावी व आपल्या भागासाठी शिफारस केलेला प्रतिकारक वाण निवडावा. पहिल्या दीड महिन्यात रोग जडल्यास झाडाला बहुधा शेंग धरत नाही. म्हणून या काळात पीक वरचेवर पाहून रोगट झाडे उपटून नष्ट करावीत. ग्रामसेवकांनी असे एक झाड गावकऱ्यांना शेतातच दाखवावे. हिरवेपणाला भुलून राखलेले एक वांझ झाड शेजारच्या झाडांच्याही शेंगा नेते.