कोडचा नकाशा आणि राज्यकर्त्यांचा नकाशा

इंदूरचा एसटीडी कोड 0731. त्यातलं पहिलं शून्य म्हणजे केवळ शहराबाहेर पडण्याची खूण. इंदूरचा खरा कोड 731. परदेशातून फोन करताना शून्य गळतं आणि त्याआधी 91 लागतो. हा 91 जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या यादीतला. तिने जगाचे नऊ विभाग पाडले आणि नवव्यात भारताच्या आगेमागे तुर्कस्तान 90, पाकिस्तान 92, अफगाणिस्तान 93, श्रीलंका 94 आले.

देशाच्या आतलं वाटप मात्र त्या त्या देशाचं. भारतात 1960 साली कानपूर-लखनौ दरम्यान पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, आणि पुढे ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसण्याचे दिवस सरले. कोड देताना पाहिलं गेलं ते एक्स्चेंजची जोडणी आणि कुठून कुठे किती फोन होतात हे. राज्यांच्या सीमा दुय्यम ठरल्या. म्हणून नागपूर 0712, वर्धा 07152, चंद्रपूर 07172 या ओळीत मध्य प्रदेशातले बैतूल (07141) आणि छिंदवाडा (07162) येतात. पुढची ओळ त्याहून मजेची: अमरावती 0721, अकोला 0724, बुलढाणा 07262, आणि लगेच देवास 07272, खरगोन 07282, धार 07292. त्यानंतर इंदूर 0731. हा जुन्या मध्य प्रांताचा नकाशा असावा असं वाटेल. पण इंदूर, देवास, धार ही संस्थानं त्या प्रांतात कधीच नव्हती. पुणे 020, मुंबई 022, कोल्हापूर 0231 हे दोनच्या घरातले. विदर्भ वगळता उरलेला महाराष्ट्र तिथे आणि गुजरातचा बराचसा भागही तिथेच. म्हणजे कोडच्या हिशेबाने अमरावतीला पुण्यापेक्षा इंदूर जवळचं.

सीमा दुय्यम, तर वादग्रस्त प्रदेशाच्या कोडवरून काय कळतं? मराठी माणसाला सर्वांत ओळखीचं उदाहरण बेळगावचं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेलं, सीमावादावर महाजन आयोग झाला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बेळगावचा कोड 0831, निपाणीचा 08338, कारवारचा 08382. सगळे कर्नाटकासारखे आठच्या घरातले. यावरून कर्नाटकाचा दावा सिद्ध होतो असं कुणी म्हणेल, तर त्याच न्यायाने गोवाही कर्नाटकाचा ठरेल, कारण गोव्याचा कोड 0832. सावंतवाडी 02363, आणि सीमा ओलांडून पेडण्यात गेलं की 0832. मोबाइलच्या परवान्यांत मात्र गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये मोडतो. एकाच दूरसंचार खात्याने एकाच राज्याला दोन बाजूंना बसवलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

काश्मीरमध्ये हा प्रश्न इतका निरुपद्रवी राहत नाही. श्रीनगरचा 0194 भारताच्या 91 मागे लागतो, पाकिस्तानच्या ताब्यातल्या मुजफ्फराबादचा 05822 पाकिस्तानच्या 92 मागे. भारत संपूर्ण जम्मू-काश्मीरला आपला भाग मानतो, पण तार ज्याच्या एक्स्चेंजमध्ये जाते त्याचाच कोड चालतो. कोडपेक्षा परवानगी मोठी, हेही इथेच दिसलं: जम्मू-काश्मीरमधून पाकिस्तानला फोन लावण्याची 1990 मध्ये बंद केलेली सोय ऑक्टोबर 2005 च्या भूकंपानंतर पुन्हा सुरू झाली.

ज्याचं एक्स्चेंज त्याचा कोड, हेच सूत्र जगभर दिसतं. उत्तर सायप्रसला तुर्कस्तानच्या 90 मधून 392 लावून फोन जातो. उरलेल्या सायप्रसचा कोड 357. क्रिमियाचे फोन 2014 नंतर युक्रेनच्या 380 ऐवजी रशियाच्या 7 वर गेले. तैवान 886 वापरत राहिला, आणि यादीत त्या आकड्यापुढे अनेक वर्षं ‘राखीव’ एवढीच नोंद होती. कोसोव्होची गत अधिक चमत्कारिक. तिथले लँडलाइन सर्बियाच्या 381 वर आणि मोबाइल मोनॅकोच्या 377 किंवा स्लोव्हेनियाच्या 386 वर चालत. सर्बियाशी समझोता झाल्यावर डिसेंबर 2016 मध्ये त्याला 383 मिळाला. सर्बियाने कोसोव्होचं स्वातंत्र्य मात्र मान्य केलं नाही.

दूरच्या भूभागांचं गणित सोपं: लोक थोडे, भांडण बहुधा नाही. ट्रिस्टन दा कुन्हा हे बेट सेंट हेलेनाच्या 290 मध्ये सामावलं आहे, अंटार्क्टिकातले ऑस्ट्रेलियाचे तळ 672 मध्ये. लक्षद्वीपचं कवरत्ती (04896) केरळच्या आकड्यांशेजारी आहे. दीवचा कोड 02875, म्हणजे शेजारच्या गुजरातमधल्या उनाचाच. दमणही 0260 मध्ये वापीबरोबर. एकेकाळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेल्या या तीन प्रदेशांपैकी गोवा एका घरात, दीव आणि दमण दुसऱ्या.

फेब्रुवारी 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने लँडलाइनसाठी सर्कलभर दहा अंकी पद्धतीची शिफारस केली. ती अमलात आली तर इंदुरातून इंदुरात लँडलाइनवरून लँडलाइनला फोन लावतानाही 0731 फिरवावा लागेल; कुणाचा नंबर मात्र बदलणार नाही.