आरोग्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे सर्वपरिचित आहे. आरोग्यसंशोधकांना मात्र ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळेही ठाऊक आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात सुरू केलेल्या या कार्याला 2002 मध्ये आरोग्य व लोकसंख्या देखरेख प्रणालीची, म्हणजेच घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवण्याच्या पद्धतीची, जोड मिळाली आणि शिरूर व हवेली तालुक्यांतील 22 गावे तिच्या कक्षेत आली. आरोग्य अंदाजाने नव्हे, तर मोजून जाणावे, हे अशा कार्यामागचे तत्त्व पुढील समजुती तपासतानाही उपयोगी पडते.

गैरसमज : काही दुखत-खुपत नाही, म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती : उच्च रक्तदाब, म्हणजे वारंवार मोजूनही 140/90 किंवा त्याहून अधिक भरणारा दाब, बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना इजा करत राहतो. औषधाने दाब आटोक्यात आला, की ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते, कारण तो आटोक्यात असतो तो बहुतेकदा त्या गोळ्यांमुळेच.

गैरसमज : शुगर लठ्ठ माणसांनाच होते.

वस्तुस्थिती : पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र या बाबतीत बोलके आहे. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 22.3 असताना शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. सडपातळ दिसूनही अंगात चरबी अधिक असण्याच्या या प्रवृत्तीमुळे शुगरचा धोका वाढतो आणि तिचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. पुण्याजवळील सहा खेड्यांत 1993 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी भरले, तरी त्यांच्या स्नायूंच्या मानाने त्वचेखालील चरबी फारशी घटलेली नव्हती. म्हणून सडपातळ व्यक्तीनेही रक्तशर्करा तपासून घ्यावी आणि कमरेचा घेर (पुरुषांत 90 सेंमी, स्त्रियांत 80 सेंमी) मर्यादेत आहे का, ते पाहावे.

गैरसमज : दम्यासारखी धाप विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच लागते.

वस्तुस्थिती : श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाणाऱ्या दीर्घकालीन विकाराला लाकूड, गोवऱ्या आणि पाचट यांचा धूरही कारणीभूत ठरतो, त्यामुळे आयुष्यात कधीही विडी न ओढलेल्या, पण चुलीपुढे वर्षे घालवलेल्या स्त्रीलाही तो जडतो.

गैरसमज : मिश्री लावल्याने दात स्वच्छ व बळकट होतात.

वस्तुस्थिती : मिश्री ही तव्यावर भाजून केलेली तंबाखूची पूड असून तिच्यातील निकोटीन हिरड्यांवाटे थेट रक्तात उतरते, त्यामुळे तिची सवय सुटणे अवघड होते, मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदरपणात बाळाच्या वाढीलाही बाधा पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 मध्ये अमलात आलेल्या घटनेनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती होय. ती राखण्यासाठी तिशीनंतर रक्तदाब व रक्तशर्करा यांची नियमित तपासणी, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, तंबाखूचा पूर्ण त्याग आणि धूरमुक्त स्वयंपाकघर ही प्रत्येक घराने आजच अंगीकारावीत अशी पावले आहेत.